इलेव्हन प्लसचं लेखन: आधी मराठीत सांगू द्या, मग इंग्रजीत लिहू द्या

"बाहेर धो धो पाऊस पडत होता. अंधार होता. अचानक दारावर टकटक झाली. मी खूप घाबरले."

थोरलीच्या सरावाच्या वहीत ओळीने सात गोष्टी अशा सुरू झाल्या होत्या. (मूळ इंग्रजीत. या लेखातले सगळे नमुने मी मराठीत देते आहे.) दारामागे कधी भूत, कधी चोर, एकदा तर परग्रहावरचा पाहुणा. शेवटी दर वेळी तिला जाग यायची आणि ते स्वप्न निघायचं.

त्याच आठवड्यात जेवताना तिने आजीच्या बॅगेतलं लोणचं हीथ्रो विमानतळावर कसं फुटलं ते मराठीत सांगितलं. बॅगेतून गळणारं तेल, शेजारच्या कुणाच्या तरी पांढऱ्या सूटकेसवर उमटलेला पिवळा डाग, आणि बॅग समोरून तीनदा गेली तरी 'ही आमची नव्हेच' असा चेहरा करून उभे असलेले बाबा. शेवटी आजीच पुढे झाली आणि दोन्ही हातांनी बॅग ओढली. आम्ही हसून हसून बेजार झालो. मी म्हटलं, "अगं, हे लिही की!" तर म्हणते, "आई, एक्झाममध्ये असलं चालत नाही."

असलंच चालतं. पण हे तिला पटवायला आणि मला स्वतःला नीट समजायला वर्ष गेलं. धाकट्याच्या वेळी आम्ही सुरुवातच तिथून केली. इंग्लंडात राहणाऱ्या आणि मुलाला इलेव्हन प्लसला, म्हणजे माध्यमिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेला, बसवणाऱ्या मराठी आईबाबांसाठी त्या दोन वर्षांचा हा हिशेब. 'माझं इंग्रजी कुठे एवढं चांगलं आहे' म्हणून जे या विषयापासून लांब राहतात आणि सगळं ट्यूटरवर सोडतात, त्यांच्यासाठी तर खासच.

आधी बघा, परीक्षेत लेखन आहे तरी का

हसू नका. आमच्या ओळखीत एकांनी सहा महिने गोष्टी लिहून घेतल्या आणि मग कळलं की त्या शाळेची परीक्षा पूर्णपणे पर्यायी उत्तरांची आहे. इंग्लंडात साधारण १६० ग्रामर शाळा (परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळा) आहेत आणि परीक्षेची पद्धत प्रत्येक भागात वेगळी. बकिंगहॅमशरच्या परीक्षेत लेखन नाही. केंट टेस्टमध्ये ४० मिनिटांचं लेखन असतं, त्यातली १० मिनिटं आखणीची. पण त्याला गुण नसतात. काठावर अडकलेल्या मुलांचा विचार करताना मुख्याध्यापकांची समिती ते वाचते. सटनकडच्या काही ग्रामर शाळांत पहिल्या फेरीत पर्यायी उत्तरं आणि दुसऱ्या फेरीत लेखन, असा मामला आहे.

प्रायव्हेट शाळांचं आणखी निराळं. बऱ्याच जणी स्वतःचा पेपर काढतात आणि त्यात पंचवीस ते चाळीस मिनिटांचं लेखन असतं. पण काही शाळा आता फक्त संगणकावरची चाचणी आणि मुलाखत घेतात. नियम वर्षावर्षाला बदलतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका. प्रत्येक शाळेच्या प्रवेशाच्या पानावर जाऊन यंदाचं वाचा. तिथेच बहुतेक वेळा जुने नमुना पेपर फुकट मिळतात. ते छापून घ्या आणि फक्त लेखनाचे प्रश्न एका कागदावर उतरवा. दहा-बारा शाळांचे प्रश्न एकत्र पाहिलेत की लक्षात येईल, तेच तेच फिरून येतं: 'प्रवास', 'दार', 'हरवलेली वस्तू', 'वादळ', एखादं चित्र, उताऱ्यातली गोष्ट पुढे न्या, एखाद्या जागेचं वर्णन करा.

कधीपासून, किती

ग्रामर शाळांची परीक्षा बहुतेक ठिकाणी इयर सिक्सच्या (प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या) सुरुवातीला, सप्टेंबरात होते. प्रायव्हेट शाळांची साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. इयर फाइव्हच्या जानेवारीत सुरुवात केली तरी भरपूर झालं. आठवड्यात दोन बैठका: एक तोंडी, एक लेखी. रोज एक गोष्ट लिहायला लावलीत तर महिन्याभरात मूल एकच गोष्ट नावं बदलून लिहायला लागतं. वर दिलेल्या टकटकीचा जन्म असाच झाला, आणि त्याला मीच जबाबदार होते.

तोंडी बैठक, तीही मराठीत

लेखनाच्या तयारीतला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि यासाठी तुमचं इंग्रजी लागतच नाही. रविवारी पोळ्या लाटताना, गाडीत, पोहण्याच्या क्लासहून परतताना मुलाला घडलेली एक छोटी गोष्ट सांगायला लावायची. अट एकच: गोष्ट दहा-पंधरा मिनिटांत घडलेली हवी. 'आमची इंडिया ट्रिप' चालणार नाही. 'पुण्याला मामाच्या गच्चीवर पतंग कापला गेला ते' चालेल.

सांगून झालं की प्रश्न विचारायचे. 'मग तुला कसं वाटलं?' हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर 'छान' किंवा 'वाईट' असतं आणि गाडी तिथेच थांबते. त्याऐवजी असं विचारा: तेव्हा तुझे हात काय करत होते? वास कसला येत होता? तिथे कोण गप्प बसलं होतं? कुणी काय खोटं बोललं? सुरुवातीला तुला काय होईल असं वाटलं होतं?

लोणच्याच्या गोष्टीत मी थोरलीला विचारलं, "बाबा काय करत होते?" ती म्हणाली, "फोन बघत होते. पण फोन बंद होता." त्या एका वाक्यात बाबांची सगळी लाज आली. 'बाबांना लाज वाटली' असं म्हणायची गरजच उरली नाही. मुलांना हे दिसत असतं. घरच्या भाषेत ते तोंडून येतं, परीक्षेच्या इंग्रजीत हरवतं, कारण तिथे ती 'लेखकासारखं' लिहायला जातात.

तोंडी सांगून झालं की लगेच, तोंडात चव असतानाच, पहिली तीन वाक्यं इंग्रजीत लिहायला सांगा. फक्त तीन. थोरलीची तीन वाक्यं अशी होती: "पट्ट्यावरून आमची निळी बॅग आली तेव्हा बाबा फोन बघायला लागले. फोन बंद होता. बॅग आमच्या समोरून पुढे गेली आणि तिच्यामागे तेलाची एक बारीक रेघ गेली." पावसाची आणि टकटकीची आठवणही झाली नाही.

सहा आठवणींची वही

अशा सांगितलेल्या गोष्टींतल्या सहा निवडून एका वहीत ठेवा. प्रत्येकीला एक पान, पूर्ण गोष्ट नाही. माणसं कोण, जागा कुठली, काय अडलं, काय बदललं आणि लक्षात राहिलेल्या पाच बारीक गोष्टी, एवढंच. सहांमध्ये विविधता ठेवा: एक भीतीची, एक फजितीची, एक भांडणाची, एक कुणाला निरोप दिल्याची, एक निसर्गातली, एक मुलाने स्वतः केलेल्या चुकीची.

आता काही शिकवण्यांमध्ये गोष्टी पाठ करून घेतात आणि विषय काहीही येवो, तीच उतरवायला सांगतात. ते आणि ही वही यांत फरक आहे. शेकड्यांनी पेपर तपासणाऱ्या शिक्षकाला पाठ केलेली गोष्ट चौथ्या ओळीत ओळखू येते. विषयाचं नाव पहिल्या आणि शेवटच्या वाक्यात चिकटवलेलं असतं आणि मधे काही संबंध नसतो. आठवण मात्र विषयाप्रमाणे वळवता येते. कशी, ते त्याच लोणच्यावर दाखवते.

विषय 'प्रवास' आला तर गोष्ट बॅगेची. पट्ट्यावरच्या तीन फेऱ्या हाच प्रवास. पहिल्या फेरीत फक्त वास, दुसऱ्या फेरीत पांढऱ्या सूटकेसवरचा डाग, तिसऱ्या फेरीत आजी पुढे होते. मुंबईपासून लंडनपर्यंतचं विमान, त्यातलं जेवण, खिडकीतले ढग यांतलं काही लागत नाही.

विषय 'गुपित' किंवा 'खोटं' आला तर गोष्ट बाबांची. बॅग आमची आहे हे तिघांनाच माहीत. शेजारची बाई विचारते, "कुणाची आहे ही?" बाबा खांदे उडवतात. मुलगी बाबांकडे बघते. इथे ती बोलेल की गप्प राहील, यावर सगळी गोष्ट उभी. (शेजारची बाई खऱ्या प्रसंगात नव्हती. आठवणीत भर घालायला पूर्ण मोकळीक आहे. मुलांना हे स्पष्ट सांगावं लागतं. माझ्या धाकट्याला वाटायचं की आपण पेपरात खोटं लिहितोय.)

विषय 'हरवलेली वस्तू' आला तर गोष्ट आजीची. वर्षभर उन्हात मुरवलेली बरणी, दोन पिशव्या, वर सुती साडीचं फडकं. फुटलेली बरणी दिसल्यावर ती काही बोलत नाही, फक्त फडक्याची घडी घालते.

एकाच आठवणीतून तीन गोष्टी निघाल्या. धाकट्याशी हा खेळ आम्ही गाडीत खेळायचो. मी विषय फेकायचे, तो वहीतली आठवण निवडून पहिलं आणि शेवटचं वाक्य सांगायचा. लिहायचं काही नाही. दोन महिन्यांत त्याची विषयाची भीती गेली. 'काय लिहू' म्हणून पेन चावत बसण्यात मुलांचा जो वेळ जातो, तो यातून वाचतो.

पाच मिनिटांची आखणी

कागदाच्या कोपऱ्यात चार शब्दगट: कोण, कुठे, काय अडलं, काय बदललं. आणि एक पूर्ण वाक्य, शेवटचं. शेवट आधी लिहून ठेवल्याशिवाय सुरुवात करायची नाही, हा आमच्या घरचा कायदा. तो नसेल तर पंचविसाव्या मिनिटाला गोष्ट अर्ध्यावर असते आणि मग सगळ्यांना जाग येते.

शेवटाबद्दल आपल्या मराठी घरांत एक खास दुखणं आहे. आपण निबंधावर वाढलो. 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'सूर्य उगवला नाही तर', आणि शेवटी एक सुविचार, नाहीतर गुण कापले जायचे. ते आपण नकळत मुलांकडूनही मागतो: 'शेवटी काय शिकलास ते लिही.' नका मागू. 'त्या दिवशी मी शिकले की प्रामाणिकपणा महत्त्वाचा' हे लिहिण्यापेक्षा आजी घरी येऊन उरलेल्या लोणच्याची फोड बाबांच्या ताटात वाढते आणि बाबा मान वर न करता ती खातात, हा शेवट कितीतरी पुढचा. निबंधाचं एक मात्र उपयोगी पडतं: मनोगत. चित्र पाहून लिहायला सांगितलं तर चित्रातल्या वस्तूच्या बाजूने लिहिणं मुलांना पटकन जमतं.

माणसं दोन, फार तर तीन. जागा एक. वेळ दहा-पंधरा मिनिटांची. अपहरण, परग्रह, बाँब हे सगळं अर्ध्या तासात मावत नाही. मावलं तरी दहा वर्षांच्या मुलाने ते फक्त पडद्यावर पाहिलेलं असतं.

भाषा: कुठे लक्ष द्यायचं, कुठे सोडायचं

इथल्या शाळांत २०१४ पासूनच्या अभ्यासक्रमामुळे मुलं 'फ्रंटेड ॲडव्हर्बियल' (वाक्याच्या सुरुवातीला आणलेलं क्रियाविशेषण) हा शब्द दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला घेतात. त्यात ट्यूटरच्या भारी शब्दांच्या याद्या. परिणाम असा की कुणीही साधं चालत नाही, 'भयकंपित होऊन निःशब्दपणे' चालतं. शब्दांची यादी पूर्ण वाया नाही, पण माझा नियम असा: मुलाला तो शब्द बोलताना वापरता येत असेल तरच लिहायचा. विशेषणं वाढवण्यापेक्षा नामं आणि क्रियापदं नेमकी करा. 'मोठं सुंदर झाड' याऐवजी 'चिंच'. 'पटकन गेला' याऐवजी 'सटकला'.

मराठी घरातल्या मुलांच्या तीन गोष्टींवर मी डोळा ठेवते. पहिली, काळ. मराठीत गोष्ट सांगताना आपण भूतकाळातून बिनधास्त वर्तमानात उडी मारतो: 'आम्ही गेलो, बघतो तर काय, आजी उभी!' मराठीत यात गंमत आहे. इंग्रजी पेपरात ही चूक ठरते. गोष्ट भूतकाळात सुरू केली तर शेवटपर्यंत भूतकाळात. दुसरी, इंग्रजीतले 'अ' आणि 'द' (a, the). हे आपल्या भाषेत नाहीतच, म्हणून गाळलेले आपल्याला दिसतही नाहीत. यावर सोपा उपाय: मुलाला स्वतःचं लिखाण मोठ्याने वाचायला लावा. इथे वाढलेल्या मुलाचा कान ते पकडतो, तुमचा डोळा पकडणार नाही. तिसरी, संवादाची विरामचिन्हं. बोलणारा बदलला की नवी ओळ, आणि बोललेलं वाक्य 'ती म्हणाली'ला जोडताना स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत. ही मराठी घरांचीच चूक आहे असं नाही, सगळीच मुलं करतात, पण तपासणाऱ्याला ती लांबून दिसते. संवाद तीन-चार वाक्यांपुरताच ठेवा.

'आजी', 'लोणचं' असे शब्द इंग्रजी गोष्टीत चालतात का? खुशाल लिहू द्या. कंसात अर्थ नको. पुढच्याच वाक्यात मोहरीच्या तेलाचा वास आला, कैरीची फोड आली, की वाचणाऱ्याला कळतं.

गोष्ट सोडून बाकीचे प्रश्न

वर्णन मागितलं असेल तर गोष्ट लिहायची नाही. मुलं हटकून लिहितात. वर्णनात एका जागी उभं राहून नजर फिरवायची, किंवा तीच जागा दोन वेळांना दाखवायची: मंडईतली पहाट आणि मंडईतली दुपार. पत्र आणि पटवून देणाऱ्या लेखनात तीन मुद्दे आणि प्रत्येकाला एक खरं उदाहरण, एवढं पुरतं. उतारा पुढे न्यायचा असेल तर मूळ उताऱ्यातला काळ आणि 'मी' की 'तो', हे आधी पाहायचं. नवी माणसं आणायची नाहीत.

घड्याळ

३० मिनिटांचा पेपर असेल तर ५ आखणी, २१ लेखन, ४ तपासणी. घड्याळ लावायची घाई मात्र नको. आम्ही इयर फाइव्हच्या ईस्टरच्या सुट्टीनंतर लावलं. माझी मुलं २१ मिनिटांत अडीचशे ते तीनशे शब्द लिहायची आणि तेवढे पुरतात. तीन पानं भरणाऱ्या दुसऱ्या मुलाकडे बघून घाबरू नका, आणि आपल्या मुलालाही तसं सांगा. शेवटच्या चार मिनिटांत सगळं वाचून होत नाही, म्हणून क्रम ठरवून द्या: आधी पूर्णविराम आणि मोठी अक्षरं, मग काळ, मग एक शब्द जो बदलून आणखी नेमका करता येईल.

लांबीचा अंदाज यावा म्हणून बीबीसीच्या 'फाइव्ह हंड्रेड वर्ड्स' स्पर्धेतल्या मुलांच्या गोष्टी ऐकवा. त्या पाचशे शब्दांच्या आतल्या असतात. धाकट्याला त्या ऐकून पहिल्यांदा पटलं की छोट्या गोष्टीतही काही घडू शकतं.

तपासताना

लाल पेन ठेवून द्या. मूल वाचेल, तुम्ही ऐकाल. मग दोन वाक्यांवर बोट ठेवून सांगायचं, "हे मला दिसलं." 'छान' नाही, 'दिसलं'. आणि सुधारायला एकच गोष्ट. त्या आठवड्यात काळ पाहायचा असेल तर स्पेलिंगकडे दुर्लक्ष. पूर्ण गोष्ट पुन्हा लिहून घेऊ नका, एकच परिच्छेद घ्या. आणि सगळ्यात अवघड: वाक्य तुम्ही सुधारून देऊ नका. मी द्यायचे. थोरली ते मुकाट्याने उतरवून घ्यायची आणि पुढच्या वेळी माझ्याकडे बघत बसायची, की आई वाक्य कधी देते.

व्याकरणाच्या बारकाव्यात तुमचा हात अडत असेल तर तेवढ्यापुरता ट्यूटर जरूर घ्या, किंवा वर्गशिक्षिकेला महिन्यातून एक पान दाखवा. मॉक (सरावाच्या) परीक्षा दोन पुरेत. एका मॉकमध्ये थोरलीच्या लोणच्यावर 'जरा आणखी नाट्यमय हवं होतं' असा शेरा आला आणि घरी आल्यावर बॅगेत बाँब ठेवायचा तिचा विचार चालला होता. शेरा वाचा, पण मुलाच्या हातात देण्याआधी तुम्ही वाचा.

आदल्या दिवशी काही लिहायचं नाही. सहा आठवणींची वही चाळायची आणि मिटायची. परीक्षेहून आल्यावर 'कसा गेला' विचारू नका. 'काय लिहिलंस' विचारा, तेही पोटात काही गेल्यावर.

आमच्याकडे थोरली वरणभात खाऊन झाल्यावर बोलली. विषय आला होता 'दार'. माझ्या पोटात गोळा. म्हटलं, "मग? टकटक?"

"नाही गं. एअरपोर्टचं लिहिलं. आजी बाहेर येते ते. तिथे टकटक कोण करणार, ते आपोआप उघडतं."